प्रोजेक्ट झॉम्बॉइडमधील हातघाईची लढाई : अंतर, दम आणि जागेची निवड

प्रोजेक्ट झॉम्बॉइड या झॉम्बींपासून जीव वाचवण्याच्या संगणकीय खेळात समोरून चालत येणारा एकटा झॉम्बी सावध खेळाडूला क्वचितच मारतो. जीव जातो तो बहुधा चौथ्या किंवा पाचव्या झॉम्बीपाशी, जेव्हा पात्राचा दम संपलेला असतो, शस्त्राचा फटका निम्म्या ताकदीने बसत असतो आणि मागच्या बाजूला कोण उभे आहे हे पाहायला खेळाडूला सवड नसते. म्हणून शस्त्रांच्या यादीने सुरुवात करण्याऐवजी या लेखात अंतर कसे राखावे, दम कसा वाचवावा आणि लढण्याची जागा कशी निवडावी, याच तीन गोष्टींभोवती सारे विवेचन केले आहे. चांगली कुऱ्हाड हाती लागणे हा नशिबाचा भाग आहे, परंतु या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून पूर्णपणे आपल्या हातात असतात.

द इंडी स्टोन या स्टुडिओचा हा गेम २०१३ पासून स्टीम या गेमविक्रीच्या संकेतस्थळावर अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळण्यासाठी खुला आहे आणि त्याचे कथानक अमेरिकेतील केंटकी राज्यात जुलै १९९३ मध्ये सुरू होते. डिसेंबर २०२१ मध्ये स्थिर आवृत्ती म्हणून आलेल्या बिल्ड ४१ ने लढाईची पद्धत मुळापासून बदलली. पुढील मार्गदर्शन याच आवृत्तीतील अपोकॅलिप्स या प्रकारासाठी आणि माउस-कीबोर्डच्या मूळ बटणांसाठी आहे. अपोकॅलिप्समध्ये शस्त्राचा एक फटका एकाच झॉम्बीला लागतो, तर सर्व्हायव्हर प्रकारात एका फटक्यात अनेकांना मार बसू शकतो. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण सर्व्हायव्हरमध्ये लागलेली घोळक्यात घुसण्याची सवय अपोकॅलिप्समध्ये काही मिनिटांत प्राणावर बेतते.

पवित्रा

माउसचे उजवे बटण दाबून धरले की पात्र लढाईच्या पवित्र्यात येते, डावे बटण दाबले की वार करते आणि स्पेसबार दाबला की समोरच्याला धक्का देते. झॉम्बी जमिनीवर पडलेला असेल तर डाव्या बटणाने त्याच्यावर शस्त्राचा वार होतो आणि स्पेसबारने लाथ बसते. पवित्र्यात असताना पात्राचे तोंड माउसच्या दिशेला राहते, त्यामुळे झॉम्बीकडे पाहत पाहत मागे सरकता येते. मात्र ही चाल नेहमीच्या चालीपेक्षा मंद असते आणि या स्थितीत पळता येत नाही. उजवे बटण सतत दाबून ठेवणे ही नवख्या खेळाडूंची फार मोठी चूक आहे. पवित्रा वार करण्यापुरता घ्यावा, वार झाला की सोडावा आणि मोकळ्या चालीने अंतर पुन्हा वाढवावे. या हालचालींचा निंबल या कौशल्याशी थेट संबंध आहे. पवित्र्यात चालण्याने ते वाढते आणि ते जसजसे वाढते तसतशी पवित्र्यातील चाल वेगवान होते.

सेटिंग्जमध्ये लक्ष्याभोवती रेषा दाखवण्याचा पर्याय आहे. तो सर्व शस्त्रांसाठी चालू करावा. आपला पुढचा वार नेमका कोणावर पडणार हे त्यातून आधीच दिसते. दोन झॉम्बी एकमेकांजवळ असताना, किंवा एक उभा आणि एक पडलेला असताना, ही माहिती फार मोलाची ठरते.

एका झॉम्बीशी लढण्याचा क्रम

प्रथम आपल्या मागे काय आहे ते पाहावे. पात्राला फक्त समोरच्या दृष्टिकोनातले झॉम्बी दिसतात आणि पाठीमागचे पडद्यावर उमटतच नाहीत. मागे सरकायला निदान दहा-बारा पावलांची मोकळी, झाडे नसलेली जागा आहे याची खात्री झाली की झॉम्बीकडे तोंड करून उभे राहावे आणि त्याला येऊ द्यावे. आपण त्याच्याकडे चालत गेलो तर दोघांचे वेग एकत्र होतात आणि अंतराचा अंदाज हमखास चुकतो.

आता नेमक्या क्षणाकडे लक्ष द्यावे. झॉम्बी रेंगाळत येतो, शेवटच्या दोन-तीन पावलांत हात पुढे करतो आणि मग झेप घेतल्यासारखा अंगावर येतो. लांब शस्त्राने वार करण्याची वेळ हात पुढे आल्यावर पण झेप सुरू होण्याआधी असते. शस्त्र फिरायला लागून ते अंगावर बसेपर्यंत थोडा वेळ जातो, म्हणून बॅट किंवा पहारीचा वार झॉम्बी टप्प्यात येण्याच्या किंचित आधी सुरू करावा. त्या अवधीत तोच चालत टप्प्यात येतो. वार फार लवकर केला तर शस्त्र हवेत फिरते आणि ते परत खांद्यावर येईपर्यंत पात्र उघडे पडते. अशा वेळी घाईने दुसरा वार करण्याऐवजी दोन पावले मागे व्हावे किंवा स्पेसबारने धक्का द्यावा.

पहिला वार बसला की तीन गोष्टी संभवतात. झॉम्बी मागे झोकांडतो, खाली पडतो किंवा मरतो. झोकांडला तर त्याच जागी उभे राहून लगेच दुसरा वार न करता अर्धे पाऊल मागे सरकावे, कारण सावरल्यावर तो पुन्हा पुढेच येणार असतो आणि तो येताना बसणारा वार आपल्या सोयीच्या अंतरावर पडतो. वार, अर्धे पाऊल मागे, वार, अर्धे पाऊल मागे, ही लय अंगवळणी पडेपर्यंत दुसरे काहीही शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो खाली पडला आणि आसपास दुसरे कोणी नसेल, तर त्याच्या डोक्याच्या बाजूला जाऊन त्याला संपवावे. पायांवर मारलेली लाथ जवळजवळ वाया जाते, म्हणून उभे राहण्याची जागा महत्त्वाची आहे. लाथेने शस्त्राची झीज वाचते, परंतु पायात भक्कम बूट हवेत; अनवाणी पायाने मारलेल्या लाथेत दम नसतो आणि स्वतःच्याच पायाला इजा होऊ शकते. जमिनीवरच्या झॉम्बीला मारताना पात्र काही काळ त्या हालचालीत अडकते, त्यामुळे दुसरा झॉम्बी चार पावलांच्या आत असेल तर पडलेल्याला तसेच सोडून आधी उभ्याकडे वळावे.

दम

या गेममधील लढाईचा खरा हिशेब दमावर चालतो. शस्त्राचा प्रत्येक वार दम खातो आणि शस्त्र जितके जड तितका तो अधिक खातो. दम ठरावीक पातळीखाली गेला की पडद्याच्या उजव्या कडेला थकव्याचे चिन्ह दिसते. हे चिन्ह पहिल्या पायरीवर असतानाच हातघाईच्या शस्त्राने होणारे नुकसान निम्म्यावर येते, दुसऱ्या पायरीवर ते मूळच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत घसरते आणि पुढच्या पायऱ्यांवर तर वार नावापुरताच उरतो. जो झॉम्बी ताज्या दमात तीन फटक्यांत मेला असता, त्याला आता सहा-सात फटके लागतात आणि त्या जास्तीच्या फटक्यांनी उरलासुरला दमही जातो. या घसरगुंडीवरून परत फिरण्याची वेळ पहिले चिन्ह दिसताक्षणीच असते. ते दिसले की लढाई थांबवावी, मग समोर एकच झॉम्बी उरलेला का असेना.

थांबणे म्हणजे धूम ठोकणे नव्हे. शिफ्ट दाबून पळण्याने आणि ऑल्ट दाबून सुसाट धावण्याने दम आणखी वेगाने जातो. नेहमीच्या प्रकारातले झॉम्बी पाय ओढत चालणारे असतात आणि साध्या चालीने त्यांच्यापासून अंतर राखणे बहुतेक वेळा पुरेसे होते. म्हणून पवित्रा सोडून, पाठ फिरवून, शांतपणे चालत निघावे आणि दोन-तीन वळणे घेऊन त्यांच्या नजरेआड व्हावे. सुरक्षित जागी पोहोचल्यावर खुर्चीत किंवा जमिनीवर बसावे. उभे राहण्यापेक्षा बसल्याने दम लवकर भरतो.

दम किती टिकेल आणि किती लवकर परत येईल हे लढाईआधीच्या तयारीवर अवलंबून असते. पाठीवरच्या पिशव्या आणि खिशातले सामान मिळून ओझ्याचे चिन्ह दिसत असेल तर लढू नये. पिशवी जमिनीवर टाकावी, लढाई आटोपावी आणि मग ती उचलावी. यात जाणारे काही सेकंद कधीही महाग पडत नाहीत. झोप अनावर झालेल्या पात्राचा वारही कमजोर पडतो, म्हणून रात्री उशिरा एखादे घर रिकामे करायचा मोह आवरावा. हाताच्या दुखापतीने होणारी वेदना आणि घोळका पाहून उडालेला थरकाप यांचाही वारावर परिणाम होतो. थरकाप मात्र दिवस लोटतील तसा आपोआप कमी होत जातो.

पात्र तयार करतानाच फिटनेस आणि स्ट्रेंथ या दोन कौशल्यांकडे लक्ष द्यावे. दोन्ही पाचव्या पातळीपासून सुरू होतात आणि दहाव्यापर्यंत जातात. पहिले दमाशी, तर दुसरे वाराच्या जोराशी आणि वजन पेलण्याशी निगडित आहे. ती नंतर वाढवणे फार संथ काम आहे. अग्निशमन अधिकारी आणि लाकूडतोड्या हे दोन व्यवसाय नवख्या खेळाडूला मी याच कारणासाठी सुचवतो: दोघांनाही कुऱ्हाडीचे कौशल्य आणि अंगभूत ताकद मिळते आणि लाकूडतोड्याची कुऱ्हाड तर इतरांपेक्षा वेगाने फिरते.

शस्त्राची निवड

हातघाईची शस्त्रे सहा गटांत मोडतात : कुऱ्हाडी, लांब बोथट, आखूड बोथट, लांब पाती, आखूड पाती आणि भाले. प्रत्येक गटाचे कौशल्य वेगळे वाढते, म्हणून आज बॅट, उद्या चाकू, परवा भाला असे करण्यापेक्षा एक गट धरून राहणे हिताचे असते.

माझी पहिली पसंती पहारीला, म्हणजे गेममधल्या क्रोबारला आहे. तिचे नुकसान बॅटच्या जवळपासचेच आहे, पण टिकाऊपणात तिला तोड नाही. तिची स्थिती १५ गुणांची असते आणि मूळ आकड्यांनुसार सरासरी ७० फटक्यांमागे एक गुण कमी होतो, तोही देखभालीचे कौशल्य वाढले की आणखी उशिरा. एक पहार नीट वापरली तर ती शेकडो झॉम्बींना पुरते. बेसबॉल बॅट आणि कुऱ्हाड डक्ट टेप किंवा वुड ग्लूने दुरुस्त करता येतात; प्रत्येक दुरुस्तीगणिक मिळणारा लाभ मात्र घटत जातो. कुऱ्हाडीचा वार जबरदस्त आहे, पण ती झाडे तोडायलाही लागते, त्यामुळे शक्य असल्यास लढाईची कुऱ्हाड आणि कामाची कुऱ्हाड वेगळी ठेवावी.

चाकूची गोष्ट निराळी आहे. झॉम्बी अगदी निकट आला असताना चाकू हनुवटीखालून वर घुसवता येतो आणि तो एका क्षणात मरतो. पण त्यासाठी झॉम्बीला श्वासाच्या अंतरावर येऊ द्यावे लागते आणि चाकू त्याच्या जबड्यातच अडकून राहू शकतो. एकट्या, बेसावध झॉम्बीसाठी हा उत्तम उपाय आहे, घोळक्यासाठी मुळीच नाही. फांदीपासून तयार केलेला भाला लांबून वार करतो आणि चांगलेच नुकसान करतो, पण पटकन मोडतो. तो वापरायचा तर एका वेळी तीन-चार भाले जवळ बाळगावेत. कढई, लाटणे यांसारख्या घरगुती वस्तू पहिल्या तासात जीव वाचवण्यापुरत्या ठीक आहेत.

दोन हातांनी धरायचे शस्त्र एका हाताने फिरवले तर नुकसान घटते आणि दमही जास्त जातो. दुसऱ्या हातात टॉर्च धरण्याची वेळ येते तेव्हा म्हणूनच बॅटपेक्षा हातोडी, पोलिसी दंडुका किंवा हातकुऱ्हाड बरी. कमरेच्या पट्ट्यावर एक जास्तीचे शस्त्र कायम अडकवलेले असावे, कारण हातातले शस्त्र मोडण्याची वेळ सांगून येत नाही.

एकाहून अधिक झॉम्बी

दोन झॉम्बी समोर असतील तर ते एकामागोमाग एक येतील अशी मांडणी आपणच करायची असते. समजा गेममधल्या मुलड्रॉ या गावातील एखाद्या घराच्या मागच्या अंगणात तीन झॉम्बी आहेत. अंगणात शिरू नये. कडेला उभे राहून एखाद्याच्या नजरेस पडावे आणि मागे चालू लागावे. तिघेही आले तरी त्यांचे वेग थोडे वेगळे असतात, त्यामुळे वीस-पंचवीस पावले चालत गेल्यावर त्यांच्यात अंतर पडते. मग वळावे, पहिल्याला एक किंवा दोन वार करावेत, दुसरा टप्प्याजवळ येताच पवित्रा सोडून पुन्हा चालू लागावे. पहिला पडला असेल तर तो उठून मागून येईल, येऊ द्यावा. प्रत्येक वळणावर एकाच झॉम्बीशी संबंध यावा एवढे पाहावे आणि ज्या बाजूला माघार घेत आहोत ती बाजू मधूनमधून मान वळवून तपासावी. मोकळा रस्ता, पार्किंगची जागा किंवा मैदान या पद्धतीला सर्वांत सोयीचे. झाडीत पात्राचा वेग मंदावतो, दृष्टी अडते आणि पळताना ओरखडे येतात, म्हणून तिथे लढू नये.

क्यू दाबून हाक मारता येते. मोठा घोळका असलेल्या इमारतीतून झॉम्बींना आपल्या पसंतीच्या जागी ओढण्यासाठी ती उपयोगी पडते, पण हाकेचा पल्ला आपल्या अंदाजापेक्षा मोठा असतो. आधी न दिसलेले झॉम्बीही येतील असे गृहीत धरावे आणि माघारीची दिशा हाक मारण्यापूर्वी ठरवावी. बंदुकीच्या आवाजाने तर अख्खी वस्ती जागी होते, त्यामुळे हातघाई अंगाशी आली म्हणून पिस्तूल काढणे बहुधा संकट वाढवते.

कंबरेएवढे कुंपण हे एकट्या खेळाडूचे सर्वांत भरवशाचे साधन आहे. कुंपण ओलांडणारा झॉम्बी पलीकडे तोंडावर पडतो आणि उठेपर्यंत आपल्याला एक-दोन निर्धास्त वार मिळतात. मात्र कुंपणाला खेटून उभे राहू नये. तसे केल्यास झॉम्बी कुंपणावरून थेट झेप घेतो आणि पात्रालाच खाली पाडू शकतो. निदान दोन पावले मागे थांबावे, तो पडल्यावर पुढे होऊन वार करावा आणि पुन्हा मागे यावे. चार-पाच झॉम्बी एकदम कुंपणाशी आले तर ते एकाच वेळी ओलांडतील, अशा वेळी आपण दुसरीकडून कुंपण ओलांडून बाजू बदलावी. खिडकीतून आत येणारे झॉम्बीही असेच पडतात. दाराच्या चौकटीत लढणे मात्र वाटते तितके सुरक्षित नाही, कारण दारापलीकडे किती जण आहेत ते दिसत नाही आणि घरात मागे सरकायला जागा अपुरी असते.

अंगाशी आल्यावर

झॉम्बी टप्प्याच्या आत शिरला की लांब शस्त्राने वार करण्याचा विचार सोडून द्यावा. स्पेसबारने धक्का द्यावा, तो झोकांडल्यावर मागे व्हावे आणि मग लढायचे की निघायचे ते ठरवावे. तीन-चार झॉम्बींनी वेढले तर ते पात्राला खाली ओढतात आणि तिथे उपाय उरत नाही. वेढा पूर्ण होण्याआधी सर्वांत विरळ बाजू हेरून तिथल्या एकालाच धक्का द्यावा आणि त्या फटीतून बाहेर पडावे. पळण्यासाठी राखलेला दम याच क्षणी कामाला येतो.

पाठीमागून झालेला हल्ला समोरच्यापेक्षा घातक असतो, कारण तिथे बचावाची शक्यता कमी असते. कपड्यांचे महत्त्व इथे आहे. चामड्याचे जाकीट किंवा अग्निशमन दलाचा कोट चाव्यापासून आणि ओरखड्यापासून बऱ्यापैकी संरक्षण देतो. टेलरिंगचे कौशल्य असेल तर सुई-दोऱ्याने कपड्यांवर चामड्याची ठिगळे लावावीत. हल्ल्यात कपड्याला भोक पडले की तेवढ्या भागाचे संरक्षण जाते, म्हणून ती भोके वेळच्या वेळी बुजवावीत. गेम जुलैच्या उकाड्यात सुरू होतो. जाड कपड्यांत पात्राला घाम येतो आणि तहान वाढते, तेव्हा पाण्याची बाटली भरलेली असावी.

लढाईनंतर

शेवटचा झॉम्बी पडल्यावर तिथेच सामान धुंडाळत बसू नये. आधी आजूबाजूला नजर फिरवावी, मग एच दाबून प्रकृतीचा तक्ता उघडावा. लढाईच्या धांदलीत लागलेली जखम बऱ्याचदा लक्षातच येत नाही. मूळ नियमांनुसार ओरखड्यातून नॉक्स संसर्ग, म्हणजे माणसाचा झॉम्बी करणारा असाध्य रोग, होण्याची शक्यता ७ टक्के, खोल फाटलेल्या जखमेतून २५ टक्के आणि चाव्यातून १०० टक्के असते. ओरखडा आला म्हणून पात्र सोडून देणे हा शुद्ध अविचार आहे, कारण दहापैकी नऊ वेळा ते वाचते. जखम निर्जंतुक करून स्वच्छ पट्टी बांधावी, पट्टी मळली की बदलावी आणि रक्ताने माखलेले अंग व कपडे धुवावेत, कारण अस्वच्छतेमुळे साधा जंतुसंसर्ग होतो. तो नॉक्स संसर्गापेक्षा वेगळा असून बरा होतो.

त्यानंतर शस्त्राची स्थिती पाहावी. ती तळाला गेली असेल तर दुरुस्ती किंवा बदल तिथल्या तिथे करावा. मृतदेहांचे ढीग वास्तव्याच्या जागेजवळ राहू देऊ नयेत. कुजणाऱ्या प्रेतांजवळ फार वेळ राहिल्यास पात्र आजारी पडते आणि आजारी पात्र नीट लढू शकत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये चाचणीसाठी खुले झालेले बिल्ड ४२ खेळणाऱ्यांसाठी एक भर घालतो. त्यात सलग वार केल्याने हातांच्या स्नायूंवर ताण येतो आणि तो दमासारखा थोडे बसल्याने जात नाही. त्यामुळे तिथे एका दिवसात किती झॉम्बींशी लढायचे याची मर्यादा सकाळीच ठरवावी, मोठा घोळका दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने कमी करावा आणि दुखऱ्या हातांनी नव्या इमारतीत पाऊल टाकू नये.